नेवेस्ता

डोळे मिट, बाळा. मिटलेस? आता एक घर डोळ्यांसमोर आण. सोफिया शहरातलं, चौथ्या मजल्यावरचं, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. घरात दोन बायका आहेत आणि दोघींवर तुझा सारखाच जीव आहे. एक तुझी आजी, दुसरी आजीची सासू, म्हणजे तुझी पणजी. दोघी एका टेबलाशी जेवतात, एका दोरीवर कपडे वाळत घालतात, पण एकमेकींशी अक्षर बोलत नाहीत. भांडण झालंय म्हणावं तर तसंही नाही. जे काही सांगायचं ते तुझ्या तोंडून. तू शाळेतून आलीस की दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत दिवसभराचे तुंबलेले निरोप तुझ्याभोवती जमतात. बोलायला लागल्यापासून हे असंच चाललंय, त्यामुळे सगळ्यांच्याच घरी असं असतं, अशी तुझी समजूत आहे. आता डोळे उघड. हे घर एलित्साचं. पण गोष्ट घडली ती तिच्या आजीच्या मनात, म्हणून आपण तिथे जाऊन बसू. तिथे जरा अंधार आहे. माझा हात धर.

फेब्रुवारीतली सकाळ होती. एलित्साची आजी रुमेना पाव घेऊन वर आली, बुटांचा बर्फ झटकला, पाव टेबलावर ठेवला आणि डोक्याचा रुमाल सोडता सोडता तिच्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "नेवेस्तो." तिने वळून दाराकडे पाहिलं. तिला वाटलं, कुणी पाहुणी आली असेल, आणि सासूबाई तिला हाक मारताहेत. दारात कुणी नव्हतं. एलित्सा शाळेत गेली होती. घरात दोघीच होत्या, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली व्हेलिका सरळ तिच्याकडे बघत होती. बघत होती असं रुमेनाला वाटलं. ‘नेवेस्तो’ म्हणजे अगं नवरी, अगं सूनबाई. सासरच्या डोंगरात लग्न होऊन आलेल्या बाईला याच शब्दाने हाक मारतात. गावातल्या सगळ्या सुनांना व्हेलिकाने तशी हाक मारलेली रुमेनाने ऐकली होती. स्वतःला कधीच नाही. जन्मात पहिल्यांदा सासू तिच्याशी थेट बोलली होती, आणि रुमेना तशीच उभी राहिली, रुमालाची अर्धी गाठ हातात धरून, एखाद्या मुलीसारखी, कानशिलं तापलेली. तिला उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलंही असेल. मग व्हेलिकाच्या हातातला पेला हळूच कलला, लिंडेनच्या फुलांचा चहा तिच्या मांडीवर सांडला, तरी ती हलली नाही, आणि तिच्या ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळलेला रुमेनाला दिसला.

डॉक्टर आले. टक्कल पडलेले, घाईतले, चांगले गृहस्थ. त्यांनी व्हेलिकाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, तळपायावर किल्ली ओढली. व्हेलिका त्यांना म्हणाली, "नेवेस्तो." डॉक्टर हसले. "घ्या! मला नवरी केलं आजीबाईंनी. बायकोला सांगायला हवं." मग ती बॅटरीला तेच म्हणाली, पलंगाच्या कठड्यालाही तेच म्हणाली. डॉक्टरांचं हसू ओसरलं. बाहेर पॅसेजमध्ये ते म्हणाले, "होतं असं. सगळी भाषा जाते आणि एखादा शब्द मागे राहतो. कुणाची शिवी राहते, कुणाचं देवाचं नाव. त्याला अर्थ नसतो, बाई. वाऱ्याने दार वाजतं ना, तसंच. मनाला लावून घेऊ नका." रुमेनाला सांगायचं होतं की माझं आयुष्य शब्दांच्या अर्थावर गेलंय, आणि त्यातली अलीकडची कितीतरी वर्षं याच एका शब्दावर. पण ती मान डोलावत राहिली. "किती दिवस?" तिने विचारलं. डॉक्टर टोपी घालत म्हणाले, "ईस्टरची अंडी रंगवाल तेव्हा त्या असतील असं काही मी धरून चालणार नाही."

ती व्युत्पत्तिकोशाच्या कचेरीत काम करत होती. जुन्या इमारतीतली उंच छताची खोली, जिचा रेडिएटर कधी पेटायचा, कधी नाही. समोरच्या टेबलावर एव्स्ताती बसे, जाड चष्म्याचा, सतत खोकणारा आणि प्रत्येक शब्दाची खोड काढणारा. नेवेस्ता हा शब्द रुमेनाच्या वाट्याला आला होता आणि तिथेच रुतला होता. पंडितांचे दोन तट. एक म्हणे, हा शब्द ‘न’ आणि ‘जाणणे’ यांपासून झाला. जाणण्याचा तो जुना धातू, जो तिकडे दूर भारतात ‘वेद’ या शब्दात बसलेला आहे. म्हणजे नेवेस्ता ही न जाणलेली. परक्या घरातून आणलेली, जिला चुलीतली आणि उंबऱ्याखालची दैवतं ओळखत नाहीत. त्यांची नजर लागू नये म्हणून घरातलेही तिचं नाव घेत नाहीत, तिला अनोळखीच म्हणतात. दुसरा तट म्हणे, कसलं काय, ती फक्त नव्याने आणलेली. "रुमेना, न जाणलेली की नवी आणलेली, ठरव एकदाचं," एव्स्ताती म्हणायचा. "बिचारीचं लग्न होऊन हजार वर्षं झाली, अजून तू तिला उंबऱ्यावरच ताटकळत ठेवलंयस." ती हसायची. एकच शब्द इतक्या घरी नांदायला गेला आणि प्रत्येक घराने त्याला वेगळं वागवलं, हे तिला नेहमी नवलाचं वाटे. रशियात तो वधूच राहिला. पोलंडमध्ये कुणाचीही बायको, नुसती बाई झाला, जुन्या पुस्तकांत उरलेली. चेक लोकांनी त्याला प्रत्ययाची एक छोटी शेपटी जोडली आणि तो शरीर विकणाऱ्या बाईला लावला. आणि स्वतः रुमेनाच्या भाषेत, अशीच एक लाडाची शेपटी लावली की तो शब्द मुंगसासारख्या त्या चपळ, तपकिरी, कोंबड्यांच्या नरडीला डसणाऱ्या जनावराचं नाव होई: छोटी नवरी. त्या जनावराचीही लोकांना इतकी भीती, की त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. न घेता घेता ते सगळे विसरून गेले. आता ते नाव कुणालाच माहीत नाही.

या शब्दाच्या नोंदीखाली चालीरीतींबद्दल चार ओळी लिहायच्या असत. रुमेनाने त्या केव्हाच लिहून ठेवल्या होत्या. "पूर्वी नववधूने सासरी आल्यापासून मौन पाळण्याची प्रथा होती. सासू ठरलेल्या दिवशी नातलगांदेखत वधूच्या हातून हातांवर पाणी घालून घेई व तिला बोलण्याची मोकळीक देई." होती. घेई. देई. एव्स्तातीने ते वाचून म्हटलं होतं, "छान. माझी आजी सांगायची असलं काहीतरी. आता राहिलंय का कुठे?" आणि रुमेना, सभांमधून खणखणीत आवाजात बोलणारी, विद्यार्थ्यांना धाक असलेली रुमेना, म्हणाली होती, "छे."

प्लोव्दिवच्या शाळामास्तरांची ती मुलगी. स्तामेनशी तिचं प्रेम जमलं तेव्हा तो जंगलखात्यात नवा होता, उंच, जरा वाकून चालणारा. त्याच्या आईची एकच अट होती: लग्न आमच्या गावात, आमच्या रीतीने, आणि रीत म्हणजे सगळी रीत. रुमेना हसत हो म्हणाली. खरं तर तिला मौजच वाटली. पुस्तकातली प्रथा आतून बघायला मिळेल, तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न, शरदात तंबाखूची तोडणी संपली की लग्न आणि फेब्रुवारीअखेर उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधीचा रविवार, क्षमेचा रविवार, त्या दिवशी सासू ‘माफ आहे, बोल’ म्हणणार आणि मोकळीक. लाल पदराखालून ती त्या घरात शिरली आणि गप्प झाली. पहिले काही दिवस शब्द तोंडात चेरीच्या बियांसारखे साठत; थुंकावे कुठे कळत नसे. मग ते विरघळू लागले आणि कान जागे झाले. कोण जिना कसा चढतं, खोटं बोलताना कुणाचा श्वास कुठे अडकतो, सासू रागावली की चमचा कुठल्या बाजूला ठेवते, सगळं तिला ऐकू यायला लागलं. सासू तिच्याशी बोलत नव्हतीच. मोकळीक मिळेपर्यंत तिनेही बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत. बोलायचा तो एकटा सासरा. दिमो त्याचं नाव. तो तिच्याशी घोड्याशी बोलावं तसा बोलायचा, उत्तराची वाट न बघता. "काय गं, थंडी आहे ना? असणारच. डोंगराला काय कळतंय तू प्लोव्दिवची ते." अक्रोड मुठीत फोडायचा आणि गर तिच्या तळहातावर ठेवून निघून जायचा. मनातल्या मनात तिने त्याच्यासाठी एक नाव ठरवलं होतं. सुनेने सासरच्या माणसांना स्वतः घडवलेल्या नावांनी हाक मारायची असते, आणि ती नावं मोकळीक मिळाल्या दिवशी पहिल्यांदा उच्चारायची. रविवार जवळ येत होता. ते नाव तिच्या जिभेवर तयार होतं.

रविवारच्या आधी दिमो तंबाखूच्या कोठारात पडला, तो उठलाच नाही. घर बायकांनी भरलं. व्हेलिका शवपेटीच्या उशाशी बसून शोक करत होती, त्या डोंगराच्या रीतीने, गाऊन, एकेक गुण सांगत, आणि बाकीच्या बायका तिच्यामागून तो उचलत. नेवेस्ताने पायथ्याशी मेणबत्ती धरून उभं राहायचं. शोकही करायचा नाही, कारण शोक म्हणजे बोलणंच. रुमेना उभी राहिली. मेण बोटांवर सांडत होतं. तिने रीत पाळली, इतकी चोख की गळ्यातून हुंदकासुद्धा निघू दिला नाही. एकदा व्हेलिकाने डोळे वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ रुमेना तेव्हापासून शोधत होती. माझ्या माणसासाठी हिच्या डोळ्यांतून पाणीसुद्धा नाही, असा तो होता का? की, शाबास, रीत राखलीस, असा? त्या वर्षी घर सुतकात. मोकळीक कुठली द्यायची. पुढच्या वर्षी बघू, असं एक चुलती म्हणाली. पुढच्या वर्षाआधी स्तामेनची बदली सोफियाला झाली. आणि मग रुमेनाला मुलगा झाला, त्याला सांभाळायला व्हेलिका कोंबड्या विकून, गाठोडं घेऊन या चौथ्या मजल्यावर आली, आणि पहिल्या संध्याकाळी दोघी या टेबलाशी समोरासमोर बसल्या तेव्हा कळलं की आता कुणीतरी सुरुवात करायला हवी, आणि ती कुणी करायची याची रीत कुणालाच ठाऊक नाही.

"मी पोस्टमन," स्तामेन पाहुण्यांना हसून सांगायचा. पुढे हसेनासा झाला. एकदाच त्याने आईला स्पष्ट विचारलं, पलीकडच्या खोलीत, दार उघडं ठेवून. व्हेलिका म्हणाली, "पाण्याचं भांडं घेऊन सुनेनं यायचं असतं. मी काय नळाखाली हात धरून बसू? शिकलेली आहे ना, तिला ठाऊक नाही होय?" तो परत आला आणि रुमेना म्हणाली, "दिवस सासूने ठरवायचा असतो. बोलावल्याशिवाय भांडं घेऊन जायला मी मोलकरीण आहे का?" प्रथा दोघींच्या बाजूने होती. स्तामेनने डोक्याला हात लावला. "तुम्ही दोघी मला पुरूनच बोलाल बहुतेक," तो म्हणाला, आणि तो गेला तेव्हा तेही झालं नाही. स्मशानात व्हेलिका मुलासाठी गाऊन रडली, आणि रुमेनाचा गळा पुन्हा तसाच मिटला, जणू तिच्या हातात अजून तीच मेणबत्ती होती. मुलगा तोवर वेगळा राहायला गेला होता, त्यामुळे त्या दिवशी घरी परतल्यावर निरोप न्यायला कुणीच उरलं नव्हतं. दोघी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. शेवटी व्हेलिका चुलीला म्हणाली, "चुली, दूध उतू जातंय बरं तुझं." आणि रुमेनाने आच कमी केली. पुढे कितीतरी वर्षं त्या घरात चुलीशी, मांजराशी, भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलणं चाले. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लेकसुद्धा नव्हती. मग रुमेनाचा मुलगा आणि सून कामासाठी लिबियाला गेली, एलित्साला इथे ठेवून, आणि घराला पुन्हा तोंड फुटलं.

एलित्सा तरबेज निरोपी होती. दुसऱ्या खोलीतून व्हेलिका ओरडायची, "तुझ्या आजीला सांग, घेवड्याच्या सूपमध्ये काय समुद्र ओतला का?" ते रुमेनाला भिंतीतूनही ऐकू यायचं, तरी एलित्सा येऊन गंभीरपणे सांगायची, "पणजी म्हणते, सूप छान झालंय. फक्त पुढच्या वेळी मीठ जरा कमी." "तिला सांग, तिची जीभच खारट झालीये." "पणजी, आजी म्हणते, बरं, घालेन." आणि भिंतीपलीकडून व्हेलिकाचं खुदकन हसणं. हसायची ती. रुमेनाही इकडे हसू दाबायची. सुखासारखंच होतं ते काहीतरी. संध्याकाळी व्हेलिका पोरीला मांडीशी घेऊन गावाकडच्या गोष्टी सांगे आणि रुमेना दाराआड भाजी चिरत ऐके. "आणि छोटी नवरी कोठारात आली की काय करायचं, पणजी?" "तिला मारायचं नाही. हाक मारायची नाही. लाकडांच्या ढिगाशी चाती आणि मूठभर लाल लोकर ठेवायची. कातत बसली की कोंबड्यांना हात लावत नाही. पण ठेवून झालं की तिच्याकडे पाठ करायची, डोळे मिटायचे, कान झाकायचे. कुणी बघतंय, ऐकतंय कळलं की ती लोकरीला शिवत नाही. लाजते. अशीच निघून जाते." "आणि मग आपल्याला कसं कळणार तिने लोकर घेतली का?" "नाही कळत. ते आपलं काम नाही."

आता ती व्हेलिका पलंगावर होती आणि तिच्यात एकच शब्द उरला होता. नेवेस्तो, ती पाण्याला म्हणे. नेवेस्तो, छताला. कचेरीत रुमेना नोंदीसमोर बसून राही. अर्थ, त्याखाली रिकामी जागा. न जाणलेली. नव्याने आणलेली. तिला वाटे, आपण या शब्दाची सगळी घरं हिंडलो, प्राग, वॉर्सा, कीव्ह. फक्त आपल्या पलीकडच्या खोलीत गेलो नाही. त्या सकाळी पेला कलायच्या आधी तो पहिला ‘नेवेस्तो’ आला होता. पेला नंतर कलला. म्हणजे तेव्हा ती शुद्धीवर होती का? माणसाच्या डोक्यातली दिवे लावलेली खोली विझते तेव्हा शेवटचा दिवा कुठला विझतो? ती मला बोलावत होती का? दिवस ठरवत होती का? की त्या क्षणी कुणीही दारातून आलं असतं, शेजारीण, टपालवाला, वारा, तर तेच म्हणाली असती? एव्स्ताती खोकून म्हणाला, "तुझी नवरी अजून उंबऱ्यावरच?" आणि रुमेना इतक्या जोरात "गप्प बस!" म्हणाली की शेजारच्या खोलीतलं टंकयंत्र थांबलं. ट्राममध्ये ती कोपऱ्यात बसली. समोरची बाई संत्र्याची पिशवी मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत होती. आपण म्हाताऱ्या झालो, नातवंडं झाली, आणि एका घरात आपण अजून आलेलोच नाही. मोकळीक न देताच सासू गेली, तर हा गळा पुढे कुणी उघडायचा? शाळामास्तरांची मुलगी, कोशकार, तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण विश्वास नसला म्हणून गळा मिटायचा राहत नव्हता. अंगात रीत होती, मेणासारखी थंड झालेली.

घरी आली की ती कोट न काढता विचारी, "काय म्हणाली आज?" आणि एलित्सा सांगे. पणजी म्हणते, उशी उंच कर. पणजी म्हणते, खिडकीतून डोंगर दिसत नाही, पडदा सार. पणजी म्हणते, भाजलेलं सफरचंद गोड होतं. रुमेना उशी उंच करी, पडदा सारी. व्हेलिकाचा चेहरा निवल्यासारखा दिसे. मग तिच्या मनात एक आशा रुजली आणि वेड्यासारखी वाढत गेली: पोरीला कळतं. डॉक्टरांना कळत नाही, मला कळत नाही, पण जन्मभर हिने तिची भाषा वाहिली आहे. एका शब्दात सासूबाई सगळं बोलतात आणि हिला ते ऐकू येतं. दोन-तीनदा ती विचारता विचारता थांबली. अजून काही म्हणाली का? माझ्याबद्दल? एलित्सा तिच्याकडे टक लावून बघे आणि म्हणे, "सफरचंदाचंच म्हणाली."

क्षमेचा रविवार उजाडला. खालच्या अंगणात पोरं संध्याकाळच्या होळीसाठी खोकी गोळा करत होती. एलित्साने दाराच्या चौकटीला दोरा बांधून त्याला पांढऱ्या हलव्याचा तुकडा लटकवला होता. हात मागे बांधून तो तोंडाने पकडायचा, हा त्या दिवसाचा खेळ. ती एकटीच उड्या मारत होती, हुकत होती, नाकाला हलवा लावून हसत होती. व्हेलिकाचा श्वास सकाळपासून घरघरत होता. रुमेनाने केस विंचरले. पितळी भांडं घासलं, त्यात कोमट पाणी भरलं, खांद्यावर धुतलेला पंचा टाकला, घमेलं घेतलं आणि पलंगाशी जाऊन उभी राहिली. नातलग नव्हते. बोलावणं आलं नव्हतं. कुणी ठरवलेला दिवस तो नव्हता, किंवा कदाचित हाच होता, फार जुना, तिच्यासाठी राखून ठेवलेला.

"एलित्सा, इकडे ये. पणजीला सांग, पाणी आणलंय."

एलित्सा नाक पुसत आली. "पणजी, आजी म्हणते, पाणी आणलंय."

व्हेलिकाचे डोळे दोऱ्यावर झुलणाऱ्या हलव्याकडे होते. "नेवेस्तो," ती म्हणाली.

"काय म्हणाली?"

एलित्सा दोऱ्याकडे बघू लागली.

"सांग ना. काय म्हणाली? माफ आहे म्हणाली ना? माफ आहे, बोल, असंच म्हणाली ना?" रुमेनाला स्वतःचा आवाज ओळखू येईना. तो पातळ, चिरकलेला, कुणा दुसऱ्याच बाईचा होता. भांड्यातलं पाणी हिंदकळून तिच्या बाहीत शिरलं. "तू नीट ऐकलं नसशील. पुन्हा विचार. तुला कळतं, बाळा, तुला सगळं कळतं तिचं. एवढंच सांग मला. बोल म्हणाली ना?"

"आजी, तू रडतेस?"

"म्हणाली की नाही!"

एलित्साने तिच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "ती काहीच म्हणत नाही, आजी. सगळ्यालाच तसं म्हणते. चमच्यालासुद्धा. मी आधी खूप कान देऊन ऐकायची. पण काही कळायचं नाही. आणि तू रोज विचारायचीस, कोट घालूनच विचारायचीस, म्हणून मग मी सांगायची. उशीचं, पडद्याचं, सफरचंदाचं. मीच."

"सगळं तूच?"

"आजारी पडल्यावरचं सगळं." तिने नाक पुन्हा पुसलं. "आधीचं नाही. सूप खरंच खारट होतं."

खालून पोरांचा ओरडा आला, खोक्यांचा ढीग कोसळला असावा. रुमेना भांडं धरून उभी होती. म्हणजे त्या शब्दात कुणी राहत नव्हतं. ती इतकी वर्षं त्याच्या दारावर थाप मारत होती. आत वारा होता, आणि दार वाजत होतं. खाली ठेवावं हे भांडं, हलवा पाडावा दोऱ्यावरून, पोरीला भरवावा, आणि उद्या कचेरीत जाऊन लिहून टाकावं: अर्थ अज्ञात. व्हेलिकाचा डावा हात गोधडीवर उताणा पडला होता, तळवा वर करून. मघापासून तो तसाच होता, की आत्ता उलटला होता? तिने मघाशी पाहिलं नव्हतं. तिला आठवेना. जन्मभर प्रत्येक अक्षराकडे बघणाऱ्या तिने नेमकं तेवढंच पाहिलं नव्हतं.

"मग तूच बोल ना," एलित्सा म्हणाली. "तू समोरच आहेस तिच्या."

"मला मोकळीक नाही," रुमेना म्हणाली, आणि त्या खोलीत, त्या भिंतींमध्ये ते वाक्य तिने स्वतःच्या कानांनी पहिल्यांदा ऐकलं. दिमोसाठी ठरवलेलं नाव, ते कधीच कुणाला न सांगितलेलं नाव, तिच्या घशाशी आलं आणि तिथेच अडकलं. "मला बोलता येत नाही, एलित्सा. तिच्यासाठी मी रडलेसुद्धा नाही. तिच्या माणसासाठी. मला रडायचं होतं." ती हे पोरीला सांगत होती, पोरीच्या डोक्यावरून, जसं नेहमी सांगायची तसंच. निरोप. आणि एलित्सा तो घेऊन पणजीकडे वळेल म्हणून ती वाट बघत राहिली.

एलित्सा वळली नाही. तिने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग तिने आजीच्या हातातलं घमेलं घेतलं, पलंगाच्या कडेला नीट टेकवलं आणि पणजीचा उताणा हात उचलून त्यावर अलगद ठेवला. भांडं तिने आजीच्या हातातच राहू दिलं. मग ती चालत खिडकीपाशी गेली, दोघींकडे पाठ केली, डोळे घट्ट मिटले, दोन्ही कानांत बोटं खुपसली, आणि आतलं काहीही ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने गुणगुणायला लागली. लोकर ठेवून झाली होती, आणि कितीही वेळ लागला तरी ती वळून बघणार नव्हती.